पाण्यात दोघांचा घाम

३ मार्च
ताईकडे कायमचा राहायला आलो. माझी पेटी उघडून ती हसली. म्हणाली, निवृत्त झालास तरी बाटल्या काही सुटल्या नाहीत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत सदतीस वर्षं काढली, सुटतील कशा? मागच्या अंगणात भावोजींनी हौसेनं बांधलेला छोटा पोहण्याचा तलाव आहे. गेल्या वर्षी त्यातच त्यांचं हृदय बंद पडलं. तरी ताई रोज सकाळी अर्धा तास पोहतेच. आजपासून पाण्याचं काम माझ्याकडे. पीएच सात पूर्णांक चार, क्लोरीन दोन. तपासणीचे थेंब टाकताच नळीतलं पाणी क्लोरीननं छान गुलाबी झालं. दोन घास जास्तच जेवलो.

५ मार्च
ताई उतरण्याआधी क्लोरीन दोन, ती बाहेर आल्यावर शून्य. शेवाळ नाही, पालापाचोळा नाही, गाळणी स्वच्छ. एका माणसाच्या घामानं एवढा उतरत नाही. गमतीनं विचारलं, बरोबर कोणाला नेतेस? ती केस पुसत राहिली.

८ मार्च
ताईला ताप. तलावात कोणी उतरलं नाही. तलावावर झाकायचं कापड मी स्वतः बांधलं होतं. संध्याकाळी क्लोरीन शून्य.

९ मार्च
चौपट क्लोरीन टाकला. ताई तापातच धावत आली, माझा हात धरला.
"नको रे टाकूस. त्यांची कातडी सोलून निघते."
दुपारी गाळणीच्या टोपलीत पांढरे पापुद्रे सापडले. एकावर बोटाच्या ठशाच्या रेषा.

११ मार्च
ताईच्या कमरेभोवती निळे वळ. म्हणाली, पूर्वी ते असे नव्हते, तू चिडवलंस. उद्या सगळं पाणी उपसून टाकतो.

१२ मार्च
पंप लावला. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. दोन मिनिटं आत गेलो, आलो तर ताई पालथी — खांदे धरून ओढलं. खालून कोणीतरी ओढत होतं. माझ्याहून जोरात.

१४ मार्च
डॉक्टर म्हणाले, बुडून. गुडघाभर पाण्यात. तलाव आता कोरडा ठणठणीत. स्वयंपाकघरातला नळ तपासला. शून्य. घर सोडतोय.

१५ मार्च
लॉजवर. शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथला नळही — शून्य. पेल्यात पापुद्रा. पाणी प्यायलो नाही.

१६ मार्च
घसा सुकलाय. न्हाणीघरात नळ आपोआप — ताई हाक मारतेय, पाणी काढलंय म्हणते. दाराला खुर्ची लावली. मीच केलं हे, मीच त्यांना —

पाणी दाराखालून येतंय. पायाला लागलं. गार नाही. माणसाच्या अंगाइतकं ऊ