मागितला काळा, आला चंदेरी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
नळदुर्ग, ता. ८ जानेवारी २००६

ती. स्व. अमरअण्णांस,
धाकटी बहीण उमादेवी हिचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. उघडलं आणि तुमचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

मागच्या पत्रात मी दोन्ही फोनची चित्रं जाहिरातीतून कापून चिकटवली होती. दोन्ही उघडझाप करणारे, दोन्हींना कॅमेरा. काळ्यापुढं बरोबरची खूण होती, चंदेरीवर फुली. तुम्ही पाठवलात चंदेरी. वर चिठ्ठी, की दुकानदार म्हणाला याचा आवाज लई गोड आहे आणि रेडिओही लागतो.

अण्णा, मी जन्मापासून बहिरी आहे. हे तुम्हाला पत्रानं कळवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

काळा फोन मिटलेला असला तरी निरोप आला की झाकणावरचा दिवा लुकलुकतो. शिवाय त्यात हलतं चित्र निघतं, चंदेरीत नुसता फोटो. मला हलतं चित्रच हवंय. तुळजापूरच्या शाळेत मुलींना शिवण शिकवून मिळवलेल्या माझ्या पगारातनं हा फोन घेतलाय, तेव्हा निवडही माझीच चालायला हवी होती. बदलून पाठवा.

अव्वा-अप्पा बरे आहेत. वहिनींना नमस्कार. तुमच्यावर लोभ आहे. फोन बदलून आला की दिसू लागेल.

तुमची बहीण,
उमादेवी

पुणे, १५ जानेवारी २००६

चि. उमास,
अमरनाथचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. तू रागावलीस की नाकाचा शेंडा लाल होतो, तो मला इथून दिसला. अगं, फोन एकटीसाठी कुणी घेतं का? घरात ऐकू येणारी माणसंही आहेत. मी रविवारी फोन करीन, अव्वाशी बोलणं होईल, अप्पांना दुकानात बसून बातम्या ऐकता येतील. तू निरोप वाच. निरोप काय, दोन्ही फोनवर सारखेच येतात.

राहिलं हलतं चित्र. ते तुला कुणाला पाठवायचंय? असल्या फोनवर काय काय प्रकार चालतात ते पेपरात रोज येतं. लग्नाच्या मुलीनं जपून असावं. म्हणून अप्पांना वेगळं कार्ड टाकलंय की फोन त्यांच्याजवळ दुकानात राहू दे. तुझ्या भल्यासाठीच करतो आहे, हे पुढं कळेल.

वहिनीनं तुला ब्लाऊजचं कापड ठेवलंय. राग ओसरला की लिहावं, माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
अमरनाथ

नळदुर्ग, ता. २० जानेवारी २००६

अमरअण्णांस, नमस्कार. आज एवढाच.

कुणाला पाठवायचंय म्हणून विचारलंत, तर सांगते. उमरग्याच्या नंदीशला. सोलापूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता, आता छापखान्यात काम करतो. त्यालाही ऐकू येत नाही. आमची भाषा हातांची आहे, आणि फोटोत हात बोलत नाहीत. त्याच्याकडं काळा फोन आहे म्हणून मला तो हवा होता. यात पेपरात छापण्याजोगं काय आहे?

दिवाळीत त्याच्या घरचे मला बघायला आले, तेव्हा तुम्हीही होतात. मोठी माणसं बोलली. ज्यांचं लग्न त्यांना बैठकीच्या दोन टोकांना बसवलं. पाहुणे अंगणात चपला घालत होते, तेव्हा तुम्ही चहाचा कप हातात धरून अप्पांना म्हणालात, “दोन मुक्यांचा संसार. भांडण झालं तर शेजाऱ्यालाही कळायचं न्हाय.” आणि हसलात.

अण्णा, मला ओठ वाचता येतात. तुम्हीच लहानपणी त्याचं कौतुक करायचा.

त्यानंतर अप्पांनी उमरग्याला होकार दिला नाही, नकारही दिला नाही. बोलता येणाऱ्या सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं. ती माणसं अजून वाट बघतायत.

मी कुणाकडं फोन मागणार नाही, आणि माझा फोन दुकानातही ठेवणार नाही. लोभाचं आज काही लिहवत नाही.

उमादेवी

नळदुर्ग, २ फेब्रुवारी

चि. अमरनाथास,
शांताक्काचा आशीर्वाद.

तुज्या बापाची थोरली भन म्हणून लिहिते, नीट वाच. तुजा चंदेरी फोन म्या ठिवून घेतला, त्याचे पैसे पोरीच्या हातावर दिले, अन् दोघी येष्टीनं सोलापूरला गेलो. दुकानदार सारखा माज्याशीच बोलाय लागला. ह्यांना ऐकू येत न्हाय तर फोन कशाला, म्हणला. उमानं त्याच्या म्होरनं फोन वढून घेतला, उघडून त्याचंच बोलणं त्यात टिपलं, अन् त्यालाच दाखिवलं. गड्यानं लगीच पावती फाडली. काळा घिऊन आलो.

घरी येऊन तुज्या बापाला, शिवलिंगाला, इचारलं, पोरीचं काय ठरिवलंस? त्यो म्हणला, अमरला पटत न्हाय. म्या म्हणलं, उमरग्याला नांदाय अमर जाणार हाय का?

तुला लहानाचा मोठा केला तवा तुजं तोंड असं न्हवतं. बायकोला आशीर्वाद सांग. तुज्यावर जीव हाय म्हणूनच शिव्या देते.

शांताक्का

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
नळदुर्ग, ता. १२ फेब्रुवारी २००६

ती. स्व. अमरअण्णांस,
उमादेवीचा शि. सा. न. वि. वि.

पूर्ण नमस्कार लिहिलाय, पण राग गेला असं समजू नये.

मंगळवारी नंदीशचं हलतं चित्र आलं. केस विंचरून छापखान्याच्या भिंतीपुढं उभा होता. बोलणं माझ्याशी नव्हतं. तो अप्पांना विचारत होता. मी फोन अप्पांच्या हातात दिला आणि त्याचे हात काय म्हणतायत ते लिहून दिलं: तुमची मुलगी मला पसंत आहे, तिलाही मी पसंत आहे, आता तुमचं काय ते सांगा.

अप्पांनी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमच्या कार्डाचं नाव काढलं नाही. मग माझ्याकडं तोंड करून सावकाश म्हणाले, “व्हय कसं म्हणायचं, ते दाखव.”

मी दाखवलं. पहिल्यांदा त्यांच्या हातून ‘हो’च्या जागी ‘म्हैस’ निघालं. मी हसले, मग अव्वाही, का ते न कळता. शांताक्कानं फोन धरला. अप्पांनी टोपी नीट केली आणि दुसऱ्यांदा बरोबर केलं. घरात रेंज पुरेना, चित्र जाईना, म्हणून अप्पा आणि मी हायवेपर्यंत चालत गेलो आणि ट्रकांच्या धुळीत ते जाईपर्यंत उभं राहिलो.

तासाभरानं दिवा लुकलुकला. नंदीशचे हात इतके थरथरत होते की मला एकही शब्द वाचता आला नाही. मागं त्याची आई पदरानं डोळे पुसत होती.

लग्न वैशाखात आहे. वहिनींना घेऊन चार दिवस आधी यावं, पत्रिकेची वाट बघू नये.

अण्णा, या वेळी तुमचं मत कुणी विचारलं नाही. कसं वाटतं ते कळवावं.

तुमची,
उमादेवी