वाळू सारखी करणारा

कोच,

आज सकाळी माझ्या नातीनं शाळेच्या स्पर्धेत लांब उडी मारली, आणि ती हवेत असताना माझ्या तोंडून तुमची आरोळी बाहेर पडली. "गुडघे वर! गुडघे वर!" तीसुद्धा इंग्रजीत, तुमच्या त्या दक्षिणेकडच्या बोलीत, शब्द लांबवून. शेजारी बसलेल्या चिनी आजीबाई दचकल्या. नात वाळू झटकत आली आणि इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, नॉट सो लाउड, लाह." तेव्हापासून तुम्ही डोक्यातून गेला नाहीत. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा पन्नाशीच्या आसपास होतात, आणि मला तुम्ही फार म्हातारे वाटला होतात. आज मी त्याहून खूप पुढे आलोय. सिंगापूरला सेम्बावांगमध्ये लेकीच्या फ्लॅटवर राहतो. लेक आणि जावई सकाळी एमआरटीच्या गाडीनं रॅफल्स प्लेसला बँकेत जातात, मी झाडांना पाणी घालतो, नातीचा डबा भरतो. इथे तुम्हाला ओळखणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

मी तुमच्याकडे आलो तो रसायनशास्त्र शिकायला. आमच्या मिशनच्या शाळेतल्या मडमेनं खटपट करून शिष्यवृत्ती मिळवून दिली, ती तुमच्या कॉलेजची. तिथे सगळे विद्यार्थी काळे, जवळजवळ सगळे शिक्षक काळे, कारण त्या राज्यातल्या गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्यांना तेव्हा पाऊल टाकता येत नव्हतं. जेवणाखाण्यासाठी मला जिममध्ये काम दिलं होतं: पोरांचे कपडे धुवायचे, मैदानावर पाणी न्यायचं. त्यामुळे तुम्हाला रोज जवळून बघायला मिळालं. सकाळी तुम्ही टाय लावून शरीरशास्त्र शिकवायचात. दुपारी ऋतूप्रमाणे फुटबॉल, बास्केटबॉल नाहीतर धावण्याचा संघ. मैदानावर फक्कीच्या रेघा तुम्हीच मारायचात, फाटलेले बॉल तुम्हीच शिवायचात, बसही तुम्हीच चालवायचात. तरुणपणी तुम्ही एम.ए. केलंत ते उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, आगगाडीनं उत्तरेत जाऊन. तुमचं राज्य तुम्हाला तिकडे जायचं भाडं द्यायला तयार होतं, स्वतःच्या विद्यापीठात बसू द्यायला मात्र नाही. हे तुम्ही हसत सांगायचात. मला हसू येत नसे.

एक गोष्ट मी अजून लोकांना सांगतो आणि लोकांना ती खरी वाटत नाही. पोरं धावताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. एकदा मी विचारलं, "कोच, दमलात का?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पावलं ऐकतोय. बाहेरच्या बाजूनं धावणाऱ्याचा डावा घोटा दुखतोय. मला सांगणार नाही तो." त्या पोराला थांबवून बूट काढायला लावला, तर घोटा टम्म सुजलेला. असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

आणि तुमचं स्वयंपाकघर. बाहेरगावी स्पर्धा असली की आदल्या संध्याकाळी मी मदतीला यायचो. तुमच्या पत्नी, ज्यांना मी मनातल्या मनात काकू म्हणायचो, कढईत कोंबडी तळताहेत, टेबलावर बुटांच्या रिकाम्या खोक्यांची रांग, आणि प्रत्येक खोक्यात कागद घालून मी कोंबडी, उकडलेली अंडी आणि मक्याच्या पिठाचा पाव भरतोय. एकदा ते मक्याचं पीठ बघून मला राहवलं नाही. हातावर भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. काकू टाळ्या वाजवायला लागल्या. तुम्ही ती भाकरी लाल मिरचीच्या चटणीबरोबर खाल्लीत, घाम पुसलात आणि म्हणालात, "हे खाऊन माझी पोरं सुसाट धावतील. भीतीनं." त्याच संध्याकाळी मी भोळेपणानं विचारलं, "काकू, एवढं खाणं कशाला न्यायचं? वाटेत हॉटेलं नाहीत का?" मग काकू कोंबडी उलटवत म्हणाल्या, "आहेत की, बाळा. भरपूर आहेत."

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. बस पेट्रोलसाठी थांबली होती. पोरांना थंड पाणी हवं होतं, म्हणून मी पंपाला लागून असलेल्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरच्या गोऱ्या माणसानं माझे केस बघितले, कोट बघितला. "तू कुठला?" मी म्हणालो, "इंडियाचा." त्याचा चेहरा सैलावला. "असं होय! मग बस की आत. बाकीच्यांना मागच्या खिडकीशी यायला सांग."

कोच, त्या क्षणी मला काय झालं ते तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या तालुक्याच्या गावी हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर भिंतीवर ठेवलेला असे. चहा पिऊन तो आम्हीच विसळून परत ठेवायचा. आयुष्यात पहिल्यांदा एक हॉटेलवाला मला आपणहून आत बसा म्हणत होता, आणि मी पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मागच्या खिडकीशी पाठवत होता. मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण "त्यांच्यासमोर उभं राहायची तुझी लायकी नाही," हे नक्की म्हणालो. त्या माणसाचा हात टेबलाखाली गेला. तेवढ्यात तुम्ही आत आलात, माझा दंड धरलात आणि अगदी मऊ आवाजात त्याला म्हणालात, "माफ करा, सर. पोरगा नवीन आहे." पाणी न घेताच आम्ही निघालो.

बरंच अंतर गेल्यावर तुम्ही एका शेताकडेला बस थांबवलीत आणि मला खाली उतरवलंत. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "तुझ्या ट्रंकेत पासपोर्ट आहे. उद्या तू जहाजात बसून घरी जाशील. माझ्या पोरांना पुढच्या आठवड्यात ह्याच रस्त्यानं परत यायचंय. त्यानं बंदूक काढली असती तर ती तुझ्यावर झाडली नसती. कळतंय?" मी मान हलवली. "धाडस करायचं असेल तर आधी मागे वळून बघायचं, आपल्यामागे कोण उभं आहे." तुमचा आवाज चढला नव्हता. मग तुम्ही मला खोक्यातली कोंबडीची तंगडी काढून दिलीत आणि म्हणालात, "खा. आणि आभारी आहे."

पुढच्या वसंतात ती स्पर्धा आली. राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या स्टेडियममध्ये पहिल्यांदाच काळ्यांच्या कॉलेजांना उतरू देणार होते. आपण तिघांनाच नेलं. लांब उडीतला आपला पोरगा, तो शेंगदाण्याच्या शेतावरून आलेला, पहिल्या दोन उड्यांत रेघेवर पाय पडून बाद झाला. गोऱ्यांच्या बाकांवरून शिट्ट्या. तुम्ही त्याच्याजवळ गेलात, एक शब्द न बोलता त्याच्या बुटाची नाडी सोडलीत आणि परत बांधलीत. सावकाश, लहान मुलाची बांधावी तशी. तिसऱ्या उडीला तो असा गेला की पंचांनी फीत दोनदा लावून पाहिली. आपण जिंकलो. मी नाचत होतो. तुम्ही मात्र बक्षीस घ्यायला त्याला एकट्याला पाठवलंत आणि वाळूच्या खड्ड्याशी जाऊन उभे राहिलात. तिथे एक गोरा कामगार दाताळ्यानं वाळू सारखी करत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "तुमच्याकडे ओढत या, पुढे ढकलू नका. ढकललं की खाली घट्ट होते, पोरांच्या टाचा दुखावतात." त्यानं करून बघितलं आणि म्हणाला, "खरंच की, सर. तुम्हाला कसं माहीत?" तुम्ही म्हणालात, "पूर्वी एक दिवस इथे काम केलंय."

त्यानं सहज म्हटलेल्या त्या "सर"वर मी थबकलो होतो. पण बसमध्ये, पोरं झोपल्यावर, तुमच्यामागच्या सीटवर बसून मी दुसरंच विचारलं. "इथे काम केलं होतंत?"

तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता सांगितलंत. तुम्ही विशीत होतात. काळ्यांच्या कॉलेजांत तुमच्याइतकी लांब उडी कोणाची नव्हती. त्या स्टेडियममध्ये गोऱ्यांची राज्य स्पर्धा होती आणि काळ्या माणसाला आत शिरायचा एकच मार्ग होता, मजुरीचा. तिथला मुकादम तुमच्या चर्चमधला, काळाच. त्याच्या हातापाया पडून तुम्ही वाळू सारखी करायचं काम मिळवलंत, नुसतं बघायला मिळावं म्हणून. "दिवसभर मी खड्ड्याच्या कडेला उभा. कोणीतरी उडी मारायचा, पंच फीत लावायचे, मोठ्यानं आकडा सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी ती खूण पुसायचो."

"आणि?"

"आणि सगळे गेल्यावर मी बूट काढले. जिंकलेल्याची टाच कुठे पडली होती ते मला ठाऊक होतं. त्या जागी काडी रोवली आणि धावत आलो." तुम्ही गिअर बदललात. "काडीच्या बऱ्याच पुढे पडलो, पोरा."

मी सीटवरून पुढे झुकलो. "मोजलंत?"

"नाही. पुसलं."

"का? राहू द्यायचं होतंत! सकाळी त्यांना दिसलं असतं!"

"सकाळी दिसलं असतं तर मुकादमाची नोकरी गेली असती. त्याला चार पोरं होती."

शेताकडेला ऐकलेलं ते बोलणं तुम्ही कुठून आणलं होतं, ते मला तेव्हा समजलं. विशीतल्या पोराला, आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी मारल्या मारल्या, अनवाणी उभं असताना, मागे कोण उभं आहे हे आठवावं! मी पुष्कळ विद्वान पाहिले, पुढारी पाहिले. पण मोठेपणा म्हटलं की मला अजून ते रिकामं स्टेडियम दिसतं आणि हातात दाताळं घेतलेले तुम्ही.

तेव्हा मी पहिल्यांदा, आणि कोणी विचारलं नसताना, माझं सांगितलं. आमची वस्ती गावाबाहेर. जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा आणि माझे वडील कडेला उभे राहून हलगी वाजवायचे. पैलवान भिडले की ठोका वाढवायचा, कोणी चीत झाला की शेवटची थाप. वडिलांचं अंग कुस्तीचं होतं. घरामागच्या मातीत ते आम्हा भावांना डाव शिकवायचे. कडेला उभं राहून बघितलेले डाव. फडात उतरायची त्यांना मुभा नव्हती.

तुम्ही बसचा वेग कमी केलात. मग विचारलंत, "उतरले असते तर जिंकले असते?"

"हो, कोच."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," तुम्ही म्हणालात. वडिलांना तेवढी मानाची पावती आख्ख्या तालुक्यात कोणी दिली नव्हती.

पुढचं मला दुरून कळत गेलं. मी मुंबईला परतून कारखान्यात नोकरी धरली, लग्न केलं. तिकडे गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं काळ्यांना उघडली, मोठ्या विद्यापीठांनी तुमची चांगली चांगली पोरं उचलली आणि तुमचा संघ रोडावत गेला. त्या राजधानीतल्या विद्यापीठानं तुम्हालाही बोलावलं, पण मदतनीस म्हणून, तुमच्या निम्म्या वयाच्या गोऱ्या कोचच्या हाताखाली. तुम्ही नाही म्हणालात आणि आपल्याच मैदानावर रेघा मारत राहिलात, निवृत्त होईपर्यंत. तुम्ही गेल्याचं त्या शेंगदाण्याच्या शेतावरच्या पोरानं फोनवर सांगितलं. तो स्वतः तेव्हा कुठल्याशा कॉलेजात मुख्य कोच होता. म्हणाला, अंत्ययात्रेला वेगवेगळ्या गावांहून आलेले कोच ओळीनं उभे होते, काळे आणि गोरे, आणि त्यांतले निम्मे तुमच्या हाताखालून गेलेले.

आज स्पर्धा संपल्यावर नातीला घेऊन हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर गेलो. तिचा नंबर आला नव्हता, म्हणून हिरमुसली होती. तिला वाळूची गोष्ट सांगितली. माझं इंग्रजी आणि तिचं मराठी मिळून ती पुरी झाली. नूडल्सवरची चॉपस्टिक तशीच धरून ती ऐकत राहिली. "काडीच्या पुढे? आणि मग पुसलं?" तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, कोच, तुमची उडी शेवटी कोणीतरी पाहिली.

मग तिनं विचारलं, "आणि आजोबा, व्हॉट अबाउट यू? इंडियात तुम्ही कुठल्या साइडला होता?"

मी म्हणालो, "खा आधी. गार होतंय."

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला मराठीचं अक्षर वाचता आलं नसतं. इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. नात आता आतल्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडं आहे. इथल्या मराठी मंडळींत आम्ही कोण, कुठले, हे लेक कधी बोलत नाही, आणि मीही नाही. तुमची गोष्ट मी नातीला सांगितली. हलगी म्हणजे काय, हे तिला अजून माहीत नाही.