चाळिसावं दार

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या प्रादेशिक विकास मंडळाचं परिपत्रक पोचलं. मंडळाचा शिक्का दिसला की मला धडकीच भरते. मागे तुम्ही आमचा विकास केलात तेव्हा पोरींना शिवणकाम शिकवलंत, आणि शिकलेल्या झाडून सगळ्या शिवायला शहरात गेल्या. आता म्हणे चाळीस नांदती घरं नसतील त्या गावाची पंचायत बंद, कारभार मोठ्या गावाकडे, आणि बंद घरं धोकादायक म्हणून जमीनदोस्त. आपल्याकडे घरं आहेतच मुळी चाळीस. नांदती अकरा.

बाकीच्यांच्या किल्ल्या माझ्या कचेरीत खिळ्यांना आहेत. गाव सोडणाऱ्याने किल्ली पंचायतीत टांगायची आणि परत येतो असं सांगून निघायचं, ही रीत तुला सांगायला नको. सचिव म्हणून वीस वर्षं मी त्या किल्ल्या पुसतेय. त्या मंडळाच्या हवाली करायच्या आणि घरं पडताना बघत बसायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

नियम मी वाचलेत. मोजणीदाराने दारावर तीन थापा मारायच्या, आतून ओ आली की चौकटीवर खडूने फुली. आत डोकवायचं नाही. एवढी शालीनता तुमच्या नियमांत चुकून राहिलेली दिसते. तेव्हा मोजणीदार म्हणून तूच ये. सोबतच्या साक्षीदाराची काळजी करू नकोस. आदल्या दिवशी कुलपं मी काढते, आणि तुमच्या पुढे परसातून पळत घरोघरी आवाज बदलून ओ देते. वय त्रेपन्न, गुडघे त्र्याहत्तर, पण आवाज अजून शाबूत आहे.

मोजणी संपेपर्यंत सचिवाला भेटायची तुम्हाला बंदी आहे, ती पाळ. नोकरी सांभाळ, आणि जमलं तर मलाही.

तुझी,
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस. मंडळात मी जन्मगाव खोटं लिहिलंय, ते प्रथमच कामी आलं. स्वतःच्या गावची मोजणी कुणाला देत नाहीत, पण ती मलाच मिळाली. साक्षीदार म्हणून सांख्यिकी विभागाचे साहेब होते. ते जांभया देत वही धरून होते, पण प्रत्येक ओ त्यांनी कानांनी ऐकली आणि सही केली.

तू शिंप्याचा खोकला काय हुबेहूब काढलास! आणि मास्तरीणबाई! दार बोटभर उघडून तू मला फुली सरळ काढायला सांगितलंस, लहानपणापासून हात वाकडाच म्हणालीस. साहेब हसले. मीही हसलो, पण चौकटीवर दिसलेली ती बोटं फारच म्हातारी वाटली. हातांना काय लावलं होतंस? एका घरात तर तू दोन आवाजांत भांडत होतीस. परतताना साहेब म्हणाले, माणसं अगत्याची आहेत, फक्त घरांना जरा कोंदट वास येतो.

आता रागावू नकोस. फुल्या एकोणचाळीस झाल्या. सगळ्यांची कुलपं काढलीस आणि आपल्याच घराचं विसरलीस? तिथे मी तीन सोडून सहा थापा मारल्या. आत काही हललंसुद्धा नाही. साहेबांपुढे काय करणार? एका घरासाठी गाव जाईल, ताई. वर कळवून फेरतपासणी मागतो; अट एवढीच की त्या दिवशी ते दार उघडलं पाहिजे.

कृपा आहेच, कुलपाचं तेवढं बघ.

तुझा,
धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र बसून वाच.

मोजणीच्या आदल्या दिवशी मी कचेरीच्या पायरीवरून पडले. घोटा मोडला. मोजणीच्या दिवशी मी मोठ्या गावच्या दवाखान्यात, पाय वर टांगलेली पडून होते. तुला कळवणार कसं? तुमच्या नव्या रस्त्याच्या खोदाईत आमचा फोन गेला तो गेलाच. बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली होती, ती त्याने आज मलाच परत आणून दिली.

काल कुबडी घेऊन घरोघर फिरले. बंद घरांच्या चौकटींवर अठ्ठावीस फुल्या आहेत. दारांना अठ्ठावीस कुलपं आहेत, गंजासकट. किल्ल्या खिळ्यांवर होत्या तशाच. शिंपी मागच्या वर्षी वारला. मी कळवलं होतं, तू उत्तर दिलं नव्हतंस. मास्तरीणबाई मुलाकडे आहेत, जिवंत आहेत, पण पोटच्या मुलालाही ओळखत नाहीत. तुझा हात मात्र ओळखला म्हणायचा. तिथली फुली खरंच वाकडी आहे रे.

मी घाबरले का? पहिली पाच घरं घाबरले. मग वाटलं, मी सभा बोलावते तेव्हा अकरा घरांतून चार माणसं येत नाहीत. हे तर न बोलावता हजर राहिले. मंडळाच्या कोणत्या कलमात लिहिलंय की रहिवासी कुलपाच्या अलीकडेच असला पाहिजे?

आपल्या घराचं मात्र मी विसरले नाही. मी राहते गावातल्याच सासरच्या घरी, ती किल्ली माझ्याकडे कधी नव्हतीच; ते कुलूप फोडायलाच निघाले होते, तेव्हा पडले. आई गेली तेव्हा तू शहरात ‘गावाकडे चला’वर भाषण देत होतास. दोन दिवसांनी आलास, दाराला कुलूप लावलंस आणि किल्ली खिशात टाकून चालता झालास. टांगली नाहीस, आणि परत येतो असंही म्हणाला नाहीस. जे तसं सांगून गेले होते ते आले, धाकट्या. आपल्या घरातून येणार कोण? आईची तर तिथून कुठे जायचीच इच्छा नव्हती. ती आत असेलही. पण तुला ओ देईल असं मला वाटत नाही.

पाय बरा आहे. मन कसं आहे ते विचारू नकोस.

तुझी,
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्ली माझ्याकडेच आहे हे मी सोयीने विसरलो होतो; ती कचेरीत माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. मोजणीहून आल्यापासून रोज दुपारी त्या खणातून आवाज येतो. तीन थापा, मग थोडं थांबून आणखी तीन. मी मारल्या होत्या तशाच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी परवा विचारलं, खणात काय कोंडून ठेवलंय. मी म्हटलं, फायली. त्या म्हणाल्या, मग बाहेर काढा की बिचाऱ्यांना.

फेरतपासणी ३० तारखेला आहे. मोजणीदार नवा असेल, साक्षीदार तेच साहेब. माझा राजीनामा आज सकाळी दिला. जन्मगावाच्या रकान्यात या वेळी खरं लिहिलं. अधीक्षकांनी विचारलं, तिथे जाऊन करणार काय, तिथे आहे कोण. मी त्यांना एकोणचाळीस घरांची सही केलेली यादी दाखवली.

२८च्या बसने येतो. कुलूप मीच काढेन. आई आत असली तर दोन दिवस तिचं बोलणं ऐकून घेईन. दोन दिवसांचंच देणं आहे. ३०ला तीन थापा पडल्या की ओ मी देईन, आवाज न बदलता.

खिळ्यांच्या रांगेत शेवटचा खिळा रिकामा असेल. तो तसाच राहू दे. त्या घराची किल्ली टांगायची वेळ नाही आली.

भेटीतच बाकीचं.

तुझा,
धाकटा