ज्येष्ठ हार्मोनियम वृंदाचं थेट प्रक्षेपण

रुआबांधा, भिलाई

चि. सौ. हर्षा हिला डोमाकाकाचे पोटभर आशीर्वाद. ऋषभरावांना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. सासूबाईंच्या गुडघ्याला त्या हैदराबादच्या तेलानं उतार पडला का ते कळव (आमच्या घरी त्या तेलाची चौकशी सुरू झाली आहे). इकडे सगळे जिवंत आहेत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे तू उगाच पानं उलटून शेवट बघणार नाहीस. तुझे बाबा दवाखान्यात आहेत. उजवा हात-पाय हलत नाही, बोलता येत नाही, पण जिवावरचं टळलं असं डॉक्टर म्हणतात. आता बसून घे आणि सावकाश वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर रोलिंग मिलनं माझ्या कानांचं काय केलं ते तुला ठाऊक आहे. फोनवर मी फक्त बोलू शकतो, आणि समोरचा रडतोय की हसतोय ते मला कळत नाही. तुझी आई तुझा फोन उचलत नाही, कारण तुला काही कळवायचं नाही अशी बाबांनी तिला हातानंच ताकीद दिली आहे आणि मथुरावहिनींना खोटं बोलता येत नाही. मला ताकीद नाही. (दिली असेल, पण मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो.) तेव्हा हे पत्र. निखिल म्हणून एक कॅमेरावाला आहे, तो याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे, म्हणजे टपालवाल्याची वाट बघायला नको.

आता मुळापासून सांगतो. तुझ्या लग्नात चिंधूनं, म्हणजे तुझ्या बाबांनी, पेटी काढली तेव्हा तू पाहुण्यांदेखत त्याला म्हणालीस की ती बेसुरी पेटी आज नको. त्यानं पेटी गुंडाळली आणि तुझ्याशी बोलणंही गुंडाळलं. दोघंही एकाच मातीचे, मी मध्ये पडलो नाही. पण पुढे काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. पद्मनाभपूरला तू जिथं गाणं शिकलीस, त्याच संगीत विद्यालयात या गृहस्थानं रिटायरमेंटनंतर नाव घातलं. लहान पोरांच्या वर्गात, मांडी दुखते म्हणून एकटा खुर्चीवर. पोरं पुढच्या वर्गात गेली, हा तिथंच राहिला. घरी रियाज असा की समोरच्या क्वार्टरवाल्यांनी दारात नवा कूलर लावला, हवेसाठी नव्हे, आवाजासाठी. मग त्यानं आम्हा मिलमधल्या म्हाताऱ्यांनाही एकेक करून तिकडे ओढलं आणि तिथं शिकवणाऱ्या यामिनी मॅडमनी आमचा 'ज्येष्ठ हार्मोनियम वृंद' केला. वार्षिक कार्यक्रम यंदा नेटवरून थेट दाखवणार असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा चिंधूनं एकच प्रश्न विचारला, हैदराबादला दिसेल का? मॅडम हो म्हणाल्या. त्यानं थोड्या वेळानं परत विचारलं. तुझ्या आईनं तुला लिंक पाठवली ती त्याच्या नकळत पाठवली, असं दाखवायचं त्यानं ठरवलं होतं. माझा सूर लागतो हे पोरीनं एकदा ऐकावं, एवढीच त्याची हौस होती. बाकी आम्ही सगळे त्याच्यासाठी बसलो होतो.

अडचण अशी की वृंद म्हटला की एकमेकांचं ऐकावं लागतं, आणि आमच्यात धड कान कुणालाच नाही. कोणी भट्टीवर होता, कोणी रेल मिलला, सगळ्यांच्या कानांत अजून मशिनींचा तोच घर्राटा. धून संपली तरी एकजण वाजवतच राहायचा आणि बाकीचे त्याला बघून परत सुरू करायचे. मॅडम अगदी रडकुंडीला आल्या. शेवटी चिंधूनं त्यांना सांगितलं की डोमाला पुढं उभा करा, हा आयुष्यभर क्रेनवाल्याला हातानं इशारे देत आला आहे. झालं, माझी पेटी सुटली आणि मी संगीतकार झालो. बोट वर करून फिरवलं की जोरात, तळहात खाली केला की हळू, मूठ आवळली की स्वर धरून ठेवायचा. या पद्धतीनं आम्ही भूप रागातली एक साधी धून बसवली. (वरून माल उतरवायचा असल्यासारखी ती फार सावकाश चालायची, हे मॅडमचं मत.)

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. आधी पोरांचं व्हायोलिन, मग तबला-पखवाज, बासरीवाल्या मुली, मांदर वाजवणारी मंडळी, कॉलेजच्या मुलांचं गिटार आणि मग आम्ही. पडद्यामागे चिंधूनं मला बाह्या नीट करायला लावल्या. त्याचा सदरा घामानं ओला होता, मला वाटलं घाबरलाय. तो एवढंच बोलला, "डोमा, हर्षा पायत असन का रे?" मी म्हटलं पाहत असणार, कारण दुसरं काय म्हणणार.

हर्षा, तो छान वाजवत होता. मला ऐकू आलं नाही, पण मागे वळून बघितलं तर पहिल्या रांगेत मॅडम मान डोलावत होत्या, आणि त्या उगाच मान डोलावणाऱ्या बाई नाहीत. मग मला दिसलं की त्याचा उजवा हात पट्ट्यांवरून घसरला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी दोन्ही हात आडवे फाकवले. हा आमचा सगळ्यात मोठा इशारा. डोक्यावर लोखंड लटकत असताना हा दिसला की ज्यानं त्यानं होता तिथं थांबायचं, पुढचा इशारा मिळेपर्यंत बोटही हलवायचं नाही. सगळे थांबले. भाते अर्धे उघडे, बोटं हवेत, माना वर. आणि पुढचा इशारा द्यायचं मी विसरून गेलो. मी नुसता चिंधूकडे बघत उभा. मला फार भीती वाटली, पोरी. हॉलमधल्या लोकांना वाटलं आयटम संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निखिलला वाटलं कॅमेरा हँग झाला, तो वायरी हलवायला लागला. नेटवर बघणाऱ्यांनी 'अटक गया', 'रिफ्रेश करो' असं लिहायचा सपाटा लावला. तेवढ्यात चिंधू पेटीवर कलंडला, त्याच्या कोपराखाली चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि भात्यात उरलेली हवा लांबलचक भोंग्यासारखी वाजत राहिली. तो आवाज मात्र मलाही ऐकू आला. नेटवर लोकांनी लिहिलं, 'आ गया, आ गया'.

मॅडम धावत वर आल्या तेव्हा कुठे आम्ही हललो. मिलमध्ये उचलतात तसं उचलून त्याला एका पालकाच्या गाडीत घातलं. वेळेवर आणलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आता तो डाव्या हातानं मिलचे इशारे करतो आणि मी नर्सबाईला अर्थ सांगतो. तळहात खाली म्हणजे पलंग खाली करा, मूठ म्हणजे थांब, सुई नको. तुझी आई भराभर शिकते आहे. परवा त्यानं चहा मागितला आणि ती बरोबर पाणी घेऊन आली.

हे लिहिताना त्यानं मला पकडलं. तू येऊ नकोस असं लिहिण्याच्या अटीवर पुढे लिहू दिलं. मी समजलो ते असं, की आजाऱ्याला बघायला सगळेच येतात, त्याला तसलं येणं नको आहे. तेव्हा येऊ नकोस. तुझी नोकरी आहे, संसार आहे, गाडीला गर्दी असते. सांभाळून राहा.

तुझा,
डोमाकाका

ता. क. पत्र पुरं होतंय तोच निखिल दवाखान्यात आला, तो व्हिडिओ काढून टाकू का म्हणून विचारायला. तुझ्या आईनं त्याला व्हिडिओखालचं लोकांचं सगळं लिखाण वाचून दाखवायला लावलं. पार शेवटी तुझं नाव निघालं. तू लिहिलं होतंस, 'बाबा अटक गए हैं. किसी के यहाँ चल रहा है क्या?' तुला कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. आम्ही चिंधूला ते निखिलच्या फोनवर दाखवलं. त्यानं पुन्हा पुन्हा वाचलं, मग फोन डाव्या हातानं छातीवर दाबून डोळे मिटून घेतले. निखिलला परत मागायचा धीर होत नाही, त्यामुळे या पत्राचा फोटो तुला उशिरा मिळेल.

ता. क. २. वरचं 'येऊ नकोस' मी खोडलेलं नाही, अट ती अट. पण तुझी आई केव्हाची माझ्या खांद्याशी उभी आहे. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहितो. "भाऊजी, पोरीनं इचारलं हाय तं तिले जबाब द्या. आमच्या इथं चालू हाय म्हना. ये म्हना."