माझाच हात

रविवार, १९ एप्रिल. विकास नगर

घरी आल्यापासून माझ्याच हाताचा राग येतोय. जयंतीच्या कार्यक्रमाला नागपूरहून मराठी गाणी म्हणणारी गायिका आली होती. बाबा पहिल्या गाण्यापासून तिच्याबरोबर गायला लागले. बेसूर, पण शब्द न् शब्द पाठ. पुढची बाई वळून म्हणाली, "अंकलजी, हम उन्हें सुनने आए हैं." तिचं तरी काय चुकलं? मी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते थांबले.

शेवटच्या गाण्यात गायिकेने माइक आमच्याकडे केला आणि ध्रुपद आमच्यावर सोडलं. इथे हिंदीत वाढलेलो आम्ही, कुणालाच येईना. मलाही नाही.

"बाबा, म्हणा ना."

"राहू दे. लोक ऐकायला आलेत."

माझा हात अजून त्यांच्या गुडघ्यावरच होता.