आठव्या आवाजानंतर

ता. ६ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तू जोडून पाठवलेला कॉम्प्युटर परवा सुखरूप पोचला. चांगली बातमी एवढीच. बाकी सगळा आनंदीआनंद! ते स्पीकर आहेत की पत्र्याचे डबे? त्यातून माणूस बोलला की रजई पांघरून बोलल्यासारखा वाटतो.

एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला तू हे पाठवतेस? माझी परीक्षा तुला ठाऊक आहे. तुझ्या वहिनीच्या किल्ल्यांचा जुडगा माइकसमोर हलवायचा, मुद्रित करायचा आणि ऐकायचा. यंत्र चांगलं असेल तर किल्ली न् किल्ली सुटी वाजते. तुझ्या यंत्रावर जुडगा कापसात गुंडाळल्यासारखा वाजला. आधी वाटलं, स्पीकर भिकार. म्हणून माझे जुने लाकडी पेटीचे स्पीकर लावले. पुन्हा तेच रडगाणं. म्हणजे दोष तुझ्या साऊंड कार्डात. आता नाचता येईना अंगण वाकडं, असं मला ऐकवू नकोस. इथे अंगणच वाकडं आहे.

केंद्राने जुन्या मुलाखतींच्या चौसष्ट फिती माझ्याकडे दिल्यात. त्या साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत, मार्चअखेर. निवृत्त माणसाला घरून बोलावून दिलेलं काम आहे. त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत, त्यांचा आवाज तेवढा उरलाय. एका कार्डापायी माझी शोभा होऊ नये, म्हणून दुसरं ताबडतोब पाठव. फोन करू नकोस. फोनवर हल्ली सगळे तोंडात गुळणी धरून बोलतात. लिहून कळव.

राग कार्डावर आहे, तुझ्यावर थोडाच. माया होती तेवढी राहू दे.

तुझा,
दादा

ता. १३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. पत्र्याचे डबे म्हणे! दोन दिवस दुकानात वाजवून, तिघांना ऐकवून मग मी ते खोक्यात घातले. बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडते आणि दुरुस्त करते मी, कुणी आजवर माझ्या आवाजाला नाव ठेवलं नाही. तुझ्यासाठी तर मुद्दाम वेगळं साऊंड कार्ड बसवलं. कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डावर आवाजाची सोय असते, पण तिच्यात पंख्याची घरघर शिरते, आणि तुला घरघर खपत नाही हे मला ठाऊक. केल्याचं हे चीज!

तरी मोठ्या भावाचा शब्द, म्हणून वेगळ्या कंपनीचं दुसरं कार्ड सोबत पाठवतेय. बसवण्याआधी वायर भिंतीतून काढ. लहानपणी मी घरचा फ्यूज उडवला तेव्हा तू मला ठिणगी म्हणायला लागलास. आता तू उडवलास तर मीही तुझं नाव ठेवीन, आणि ते इतकं गोड नसेल.

वहिनीला नमस्कार. रागावले असले तरी तुझीच आहे, विसरू नये.

ठिणगी

ता. २४ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

दुसरं कार्ड पहिल्याचा सख्खा भाऊ निघालं. बारा वेळा आलटूनपालटून ऐकलं, दर वेळी वहीत लिहिलं. पहिल्या कार्डावर किल्ल्या मिटलेल्या आणि बोलण्यातला ‘स’ बोथट. दुसऱ्यावर अगदी तेच. हा माल विकणाऱ्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे. आणि विकत घेणाऱ्यांनाही, कारण लोकांना कान उरले नाहीत म्हणून तर यांचं फावतं.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, तिला दोन्ही कार्डं छान वाटतात, उलट माझ्या फिती टोचतात. मी म्हटलं, तू स्वयंपाकघरातून ऐकतेस, तुला काय कळणार. ती फणकाऱ्याने निघून गेली. काम तर थांबवता येत नाही. म्हणून कार्ड जे खातं ते मी भरून काढतोय. प्रत्येक फितीतला बारीक, धारदार आवाज हाताने वर चढवतो. चाळीस फिती झाल्या. आता कुठे ‘स’ हा ‘स’ वाटतो.

विक्रेत्याला फैलावर घे. तुझा धाक आहे म्हणतात, तो जरा दिसू दे.

दादा

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घेतलं फैलावर. भर दुकानात त्याच्याशी कडाक्याचं भांडले. त्याने तुझ्याकडे आहेत तशीच दोन कार्डं मोजणीच्या यंत्राला लावली आणि मला रेघ दाखवली, टोकापर्यंत सरळ, म्हणजे जाड-बारीक सगळे आवाज सारखेच निघतात. मी म्हटलं, माझा दादा बोलतो ते खोटं आणि तुमची रेघ खरी? त्याने खांदे उडवले. असा राग आला!

आता शब्दाने शब्द वाढवायला नको. सोबत एक सीडी आहे. तिच्यात सोळा आवाज आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक आणि उंच. कितव्यानंतर स्पीकर गप्प होतात ते मला कळव, म्हणजे कार्ड कुठे मरतं ते ठरेल आणि तो आकडा मी त्या माणसाच्या तोंडावर मारीन.

तुझ्या बाजूने भांडणारी,
ठिणगी

ता. ११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

घे पुरावा! आठवा आवाज वाजतो, त्यानंतर ठार शांतता. दोन्ही कार्डं, दोन्ही स्पीकर, चारही वेळा आठच. सोळातले अर्धे गिळतात आणि वर सरळ रेघ दाखवतात, चोर ते चोर वर शिरजोर! मार तोंडावर.

विजयी,
दादा

ता. ११ फेब्रुवारी

चि. वन्सं,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या पाकिटात घातलं नाही, वेगळं टाकतेय. सीडी लावली तेव्हा मी दारातच उभी होते. आठवा वाजला. मग नववा वाजला, दहावा वाजला, तेराव्यापर्यंत मला ऐकू येत होतं. शेजारची मुलगी कानांवर हात ठेवून पळाली. आणि हे शांतपणे वहीत लिहीत होते, बंद, बंद, बंद.

त्या चाळीस फितींतल्या दोन मी ऐकल्या. बोलणाऱ्याचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा कानात जातो. अशाच केंद्रात गेल्या तर काय होईल? दोन वर्षं मी सांगतेय, टीव्हीचा आवाज कमी करा. हे म्हणतात, कटकट करू नकोस. आणि मीही ते भांडणावारी नेलं, खोलात गेले नाही. आता माझीच मला चीड येते.

तू सांग त्यांना. माझ्याने होणार नाही. ह्यांचा जन्म कानांवर गेलाय गं.

तुझी,
वहिनी

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, कार्डं चांगली आहेत. दोन्ही. स्पीकरही चांगले आहेत. तुझे कान उतरलेत.

एवढं लिहायला मी चार कागद फाडले. एका कागदावर तर दोष कार्डाचा असं चक्क खोटं लिहिलं होतं. पण मग तू त्या फिती तशाच नेऊन दिल्या असत्यास, आणि तिथल्या कुणीतरी तुझ्या तोंडावर आभार मानून त्या गुपचूप फडताळात टाकल्या असत्या. ते मला सोसलं नसतं. नववा ते तेरावा आवाज वहिनीने दारातून ऐकला. तुझ्या फितींमधला ‘स’ तिला टोचतो, कारण कमी नव्हतंच काही, तू वर आणखी चढवलंस.

मला संताप आलाय. तुझा, की जगातल्या प्रत्येक यंत्राची परीक्षा घेतलीस आणि जिने खरं सांगितलं तिला स्वयंपाकघरात पिटाळलंस. माझा, की तू फोन नको म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं. मूळ फिती शाबूत आहेत, मार्च संपायला वेळ आहे. आधी डॉक्टरकडे जा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझी,
ठिणगी

ता. १५ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो आणि तुझ्या वहिनीशी प्रत्यक्ष. दोघींनी संगनमत केलंत, माझ्याच घरात! मग कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कागदावर रेघ काढून दिली, अर्ध्यावर जाऊन ती जी खाली पडते ती पडतेच. मी त्यालाही म्हटलं, आधी तुमचा हेडफोन तपासा. बिचाऱ्याने स्वतःच्या कानाला लावून दाखवला. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. तुला सांगायला लाज वाटत नाही.

केंद्रात जाऊन खरं ते सांगितलं. तिथला साहेब माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, काम तुमच्याकडेच राहू द्या, जमेल तसं करा. जमेल तसं! दया केलेली मला आजवर खपलेली नाही. म्हटलं, चौसष्टच्या चौसष्ट नीट करून देईन, नाहीतर एकही देणार नाही.

त्या चाळीसही पहिल्यापासून करतोय. तुझी वहिनी शेजारी बसते. टोचलं की बोट वर करते, मी खाली उतरवतो. पहिले दोन दिवस बोटागणिक भांडण झालं. तिचे कान अफाट आहेत गं. छत्तीस वर्षं घरात हे कान होते आणि मी विचारलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मंगळवारी एका विणकर बाईंची मुलाखत लावली. मध्येच तुझी वहिनी म्हणाली, मागे एक पक्षी सारखा ओरडतोय, तो काढायचा का? मी हात धरला तिचा. ती मुलाखत मीच मुद्रित केली होती. खिडकी मीच उघडी ठेवली होती, त्या पक्ष्यासाठी. आता मला तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, कसा ओरडतोय? तिने शीळ घालून दाखवली. तिला शीळ धड येत नाही. मी तीन वेळा घालायला लावली, तिसऱ्यांदा ती चिडली. पण तोच होता तो.

विक्रेत्याची माझ्या वतीने माफी माग. तुझी मी इथेच मागतो.

तुझा,
दादा