ओट्यावरची खिडकी

छत्रपती संभाजीनगर,
१२ मार्च

प्रिय सुलभा,

तू गेल्यापासून आठ महिने एक ओळ लिहिली नाही, माफ कर. दुःखानं हात चालत नव्हता असं म्हटलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. मला तुझा हेवा वाटत होता, आणि गेलेल्या मैत्रिणीचा हेवा वहीत लिहायची लाज वाटत होती. आज लिहिते, कारण काल पडेगावच्या आपल्या सर्वेच्या वस्तीत गेले होते.

आपल्या संशोधनाचा प्रश्न किती साधा होता! नव्या घरकुलांत स्वयंपाकघराची खिडकी कुठं हवी? त्यासाठी आत्ताची घरं लोक कशी वापरतात ते बघायचं. मी फोन करून वेळ घ्यायचे, फॉर्म भरायचे, ओट्यापाशी तापमान मोजायचे. तू सरळ भाकरी थापायला बसायचीस. पोरं तुला मावशी म्हणायची, मला सर्वेवाल्या मॅडम. तुझ्या शोकसभेला तिथल्या बायका रिक्षा करून आल्या, तेव्हाही मनात आलं, माझ्यासाठी कोण येईल?

काल फोन लागला नाही, म्हणून तशीच गेले. वस्तीतल्या छबूबाई आपल्या घरात दाराजवळ जमिनीवर गॅसची शेगडी मांडून बसलेल्या. ओट्यावर नुसते हंडे. शेगडी खाली कशी, असं विचारलं तर हसल्या.

"खालीच असती की. तुमी फोन करता, मग आमी आवरतो, शेगडी वर ठिवतो. साडी बी बदलावी लागती. सुलभाबाईंचं तसं नव्हतं. त्या दारातूनच इचारायच्या, येऊ का म्हणून."

शेजारच्या दोघींनीही तेच सांगितलं. म्हणजे दोन वर्षं मी पाहुण्यांसाठी आवरलेलं घर मोजलं! त्याच आकड्यांवरून खिडकी ओट्यावर काढली, आणि नकाशे मंजुरीला निघालेत. बायका दारापाशी तव्यासमोर घामाघूम होणार आणि वारा हंड्यांना लागणार.

तू मला बजावलं का नाहीस? पण सांगितलं होतंस. कॅन्टीनमध्ये म्हणालीस, "एकदा न कळवता चल." परवानगीशिवाय कुणाच्या घरात शिरणं म्हणजे संशोधन नव्हे, असं मी सुनावलं. ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन वहीत उतरवलं. खरं तर तुझ्या मागं मागं जायचं नव्हतं, एवढंच. तुझी टिपणं अहवालाच्या परिशिष्टात ढकलणारीही मीच.

हेवा अजून आहे, सुलभा. तो जाईल असं वचन देत नाही. एवढंच देते: माझे आकडे कसे चुकले आणि तुला ते आधी कसं दिसलं, हे अहवालात मीच लिहीन, माझ्या नावानिशी.

तुझी,
माधुरी

उद्या: विभागप्रमुखांना भेटून नकाशे थांबवायला सांगणे.